केळीचं वाळलं पान कापायचं नाही

मी यादीशिवाय काम करत नाही. उपकेंद्रातली लसींची यादी, गरोदर बायांची यादी, घरच्या किराण्याची यादी, आणि पावसाळा लागला की गावाची यादी. अड्याळच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या या गावात मी सोळा वर्षं परिचारिका आहे. पोळा झाला की तालुक्यावरून स्वच्छतेची तपासणी येते. तोच डासांचाही हंगाम. म्हणून दोन्हींची मिळून मी एकच यादी केली होती. बावीस कलमं. टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करणे, जुने टायर उलटे ठेवणे, नालीत गाळ राहू न देणे, असं. दरवर्षी तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवायचा आणि गावानं तो पाळायचा, अशी सवय पडून गेली होती. त्यात चौदावं कलम होतं: केळीची वाळलेली पानं कापून टाकणे.

हे कलम कुठून आलं असं कुणी तेव्हा विचारलं असतं, तर मी बेधडक सांगितलं असतं की वरून आलं. वरून आलं नव्हतं. मीच घातलं होतं. कारण एवढंच, की वाळलेलं पान खोडाला लोंबताना मला घाण दिसायचं.

आमच्याकडे घरामागच्या वाडीला सांदवाडी म्हणतात. न्हाणीचं पाणी जिकडे वाहतं तिकडे दोन-चार केळी लावलेल्या असतात. आमच्या ओळीत अकरा घरं, त्यांतल्या नऊ सांदवाड्यांत केळी. ओळीत शेवटून दुसरं माझं घर. माझ्या कुंपणाला लागून शेजारच्या म्हाताऱ्या मावशींची सांदवाडी. त्यांच्यापुढे एक छोटी बोडी, म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेलं तळं, आणि बोडीच्या पलीकडे सागवान, पळस आणि बांबूचं जंगल. पूर्वी जंगल बोडीच्या अलीकडेही होतं. बांबूची बेटं मी स्वतः पाहिली आहेत. आता तिथे धान आहे.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मी माझ्याच केळीचं एक वाळलेलं पान विळ्यानं ओढून कापलं. पान हातात उघडलं आणि त्यातून केशरी रंगाचं काहीतरी खाली पडलं. मला वाटलं, कुणाच्या घरचा हार उडून आला असेल. तेवढ्यात त्यातला एक तुकडा फुलपाखरासारखा फडफडत बोडीकडे उडाला. दुसरा जमिनीवरच राहिला. अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान, अजून नीट केस न आलेलं पिल्लू होतं ते. मी ते रुमालानं उचलून कुंपणाच्या भिंतीवर सावलीत ठेवलं आणि कामावर गेले. बारा वाजता जेवायला घरी आले, तर मुंग्या लागलेल्या होत्या.

मी बाळंतपणं केलेली बाई आहे. माझ्या हातून चूक झाली तर ती मी लिहून ठेवते, कारण न लिहिलेली चूक पुन्हा होते. त्या दिवशी वहीत लिहिलं: पान कापलं, पिल्लू मेलं. त्याखाली लिहिलं: कोणाचं, ते माहीत नाही.

ते कळलं पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी. पोळ्याच्या महिनाभर आधी त्याच केळीत, तिसऱ्या खोडाच्या एका पानात, सकाळी मला पुन्हा तो केशरी रंग दिसला. या वेळी विळा घरातच होता. चार हात लांब उभी राहून मी मोबाइलवर फोटो काढला आणि भंडाऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीला पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन आला.

"हा फोटो आणखी कोणाले पाठवला?"

"कोणाले नाई. काहून?"

"पाठवू नको. ग्रुपवर तं बिलकुल टाकू नको. वटवाघूळ आहे ते."

"एवढंसं? आन केशरी?"

"हो. रंगीत वटवाघूळ म्हणतात. लोक यांना सुकवून, काचेच्या चौकटीत लावून विकतात. भिंतीवर टांगायला. आधीच जंगल कमी झाल्यानं ही जात कमी होत चालली आहे. तुझ्या घरामागे आहे हे कळलं, तर कोणी ना कोणी जाळी घेऊन येईल."

मग तिनं मला जे सांगितलं ते मी क्रमानं लिहून घेतलं. वटवाघूळ म्हटलं की आपल्याला पिंपळावर उलटी लटकलेली शेकडो मोठी वाघळं आठवतात. हे तसं नाही. हे एकेकटं, फार तर नर, मादी आणि एक पिल्लू असं राहतं. गुहा नको, देऊळ नको, माळा नको. उंच गवत, बांबूचं बेट, सुगरणीचं सोडलेलं घरटं किंवा केळीचं वाळलेलं पान, एवढंच त्याचं घर. दिवसा तिथे झोपतं, दिवेलागणीला निघतं आणि जमिनीपासून फार उंच न जाता किडे पकडतं.

"आन डास?" मी विचारलं.

"खात असेल. किती, ते मला विचारू नको."

मी "किती" न विचारता सोडणारी नाही, पण तिला माहीत नव्हतं आणि मलाही. म्हणून हा मुद्दा मी पुढे कुठेही वापरला नाही.

त्या दिवसापासून ड्युटीला जाण्याआधी दहा मिनिटं माझी तिथे हजेरी असे. खोडांवर चुन्याचे ठिपके लावून नंबर दिले आणि वही केली. महिनाभरात एवढं लक्षात आलं, की कुठलंही वाळलेलं पान त्यांना चालत नाही. पान पूर्ण वाळलेलं हवं, पण फाटलेलं नको. मधल्या शिरेवर दुमडून, खोडाला टेकून, सरळ खाली लोंबणारं हवं, आणि खालून उघडं. माझ्या छातीच्या वर आणि हात पुरेल त्याच्या खाली. पावसाची झड ज्या बाजूनं येते त्या बाजूचं नको. खाली निघायला मोकळी जागा हवी. अशा पानात तिघं, मायच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू धरून, अशी बसत की जवळ जाऊनही पानाचाच तांबूस भाग वाटे. पंख मिटलेले असले तर पळसाची दोन फुलं वाळून पानात अडकली आहेत असं दिसे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: तीन-चार दिवसांच्या वर ती एका पानात राहत नसत. तिसऱ्या खोडावरून पहिल्यावर, तिथून चार दिवस बेपत्ता, मग पुन्हा माझ्याकडे. मधले चार दिवस ती कुठे जात असतील हे समजायला वही लागत नाही. केळी नऊ सांदवाड्यांत होत्या.

इथे माझं काम वाढलं. एक पान राखून ठेवणं सोपं होतं. पण पोळ्यानंतर तपासणी, त्याआधी भिंतीवर यादी, आणि यादीत चौदावं कलम. गाव माझा कागद बघून नऊ सांदवाड्यांत विळे चालवणार, आणि त्यातल्या एका पानात मायच्या पोटाला चिकटलेलं ते पिल्लू असणार. कुठल्या पानात, ते मलाही सांगता येणार नव्हतं. म्हणजे एक पान राखून भागणार नव्हतं. कलमच काढायला हवं होतं.

त्याआधी मी एक गोष्ट केली, जी सहा वर्षांपूर्वी, यादी केली तेव्हाच करायला हवी होती. टॉर्च घेऊन नऊच्या नऊ सांदवाड्यांतल्या केळी तपासल्या. वाळलेलं पान खाली तोंड करून लोंबतं. त्यात पाणी थांबतच नाही. एका पानातही अळी सापडली नाही. अळ्या सापडल्या त्या हिरव्या पानांच्या बेचक्यात, दोन टायरांत आणि सरपंचांच्या घरच्या कूलरमध्ये.

ग्रामसभेत मी उभी राहून सांगितलं की चौदावं कलम रद्द. सरपंच मला मान देणारा माणूस आहे, पण त्या वर्षी त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तलावापलीकडच्या गावाला आदल्या वर्षी 'स्वच्छ गाव' पाटी मिळाली होती, आणि अड्याळच्या बाजाराला जाताना ती वाटेतच लागते.

"सिस्टर, यादी तुमीच केली ना जी?"

"मीच केली."

"मंग आता तुमीच खोडून राहिल्या. काहून?"

"चुकीची होती म्हणून."

"म्हणजे सहा वर्ष बरोबर होती, आन आता चुकीची झाली?"

"सहा वर्ष चुकीचीच होती. मले आता समजलं."

मागून कोणीतरी हसलं. कारण विचारलं तेव्हा मी वटवाघळाचं सांगितलं. रंग सांगितला नाही, फोटो दाखवला नाही, कोणत्या सांदवाडीत तेही सांगितलं नाही. रंग सांगितला असता तर निम्मी सभा माझ्या बाजूनं झाली असती, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. पण मग दुसऱ्या दिवशी सगळे मोबाइल घेऊन कुंपणावर आले असते. म्हणून ऐकणाऱ्यांच्या डोक्यात आलं ते नेहमीचं काळं, तोंडाला भेसूर चामगादड.

"त्याच्यातूनच तो कोरोना आला म्हणतेत," एक जण म्हणाला, "आन आपली सिस्टर त्याईलेच पाळून राहिली!"

"पाळून नाई राहिली. हातबी नाई लावून राहिली. तुमीबी लावू नका. ते त्याईच्या जागी, आपण आपल्या जागी. बीमारी हात लावल्यानं येते, पानात झोपल्यानं नाई."

शेजारच्या मावशी पहिल्या ओळीत मांडी घालून बसल्या होत्या. त्या सरपंचांच्या सख्ख्या मोठ्या काकू. सरपंच त्यांना मोठीमाय म्हणतात आणि घाबरतात. त्या म्हणाल्या, "माह्या सांदवाडीत आलं तं मी झाडूनं हाणीन. सांगून ठेवतो."

टाळ्या पडल्या. ठरलं असं, की यादी भिंतीवर आहे तशीच लागेल. मी घरोघरी जाऊन सांगितलं की नका कापू. कोणी हो म्हणालं, कोणी "बघतो जी" म्हणालं. "बघतो" म्हणणाऱ्यांचा अर्थ मला सोळा वर्षांत पाठ झालेला आहे. मी पुन्हा गेले. तिसऱ्यांदाही गेले. गावात मला केळीवाली सिस्टर म्हणू लागले होते, आणि लस द्यायला गेले की पोट्टे विचारत, "सिस्टर, चामगादडाले सुई दिली का?" मी म्हणायची, त्याला रडू येत नाही, तुझ्यासारखं नाही ते.

तपासणीच्या दिवशी तालुक्याचे अधिकारी आले, चेहऱ्यानं थकलेले, हातात छापील नमुना. नाल्या बघितल्या, शौचालयं बघितली, शाळा बघितली. आमच्या ओळीत शेवटी आले. माझ्या केळींना सगळी वाळलेली पानं जशीच्या तशी लोंबत होती.

"मॅडम, तुम्ही आरोग्य खात्याच्या, आणि तुमच्याच घरी हा पाला?"

"पाला नाही. ठेवलेली पानं आहेत. त्यात दुर्मीळ जातीचं वटवाघूळ राहतं. पाणी साचत नाही, अळी नाही. टॉर्च देते, तपासून घ्या. फक्त चार हात लांबून."

त्यांनी टॉर्च घेतली नाही. "नमुन्यात असा रकाना नाही," ते म्हणाले.

"मग शेऱ्यात लिहा."

"शेरा एका ओळीचा असतो, मॅडम."

"एका ओळीत सांगते. वाळलेली पानं हेतुपुरस्सर ठेवली आहेत."

सरपंच मागून माझा पदर ओढायचे तेवढे बाकी होते. अधिकाऱ्यांनी 'परसबागेत पालापाचोळा' एवढंच लिहिलं. मी त्यांच्या हातातून नमुना मागून घेतला, समासात माझं वाक्य लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि परत दिला. सरकारी कागदावर असं लिहायचं नसतं, हे मला माहीत आहे. मी सोळा वर्षं सरकारी कागदच लिहिते आहे.

पाटी थोडक्या गुणांनी हुकली. पण आठ दिवसांनी फेरतपासणी देऊ, तेवढा केळीचा पाला काढून घ्या, असा निरोप आला. सरपंच दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात. मी त्यांना घेऊन सांदवाडीत गेले, आणि पाहिलं तर तिसरं खोड रिकामं. पहिलं रिकामं. चार-पाच पानं वाकून, खालून बघितली. काहीच नाही.

"गेले ना तुमचे पाहुणे?" सरपंच म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "आता तं कापता का जी?"

"नाई."

"आता काहून नाई? आता तं कोणीच नाई ना तिथं!"

"चार दिवसांनी येतेत परत. तुमी शेतावर गेले म्हणून कोणी तुमचं घर पाडते का?"

"सिस्टर, हे बरोबर नाई. साऱ्या गावाचा प्रश्न हाये."

"गावाचाच हाये. तुमच्या घरचा कूलर पहिले कोरडा करा. डेंगू झाला तं त्यातूनच होईल, केळीतून नाई."

ते रागावून गेले. जाताना म्हणाले की पुढच्या वर्षी यादी दुसरं कोणी करेल. मी म्हटलं, खुशाल करा.

खरं सांगायचं तर मला धास्ती होती, पण ती यादीची नव्हती. पिल्लू अजून मायला सोडत नव्हतं. त्या आठवड्यात सात सांदवाड्यांमधून विळ्यांचे आवाज येत होते, कारण फेरतपासणीची बातमी माझ्या आधी पोचली होती. उपकेंद्रातून सुटले की मी रोज ओळीतली एकेक सांदवाडी बघत होते. कापलेल्या पानांचे ढीग काठीनं उलटून बघायचे आणि पुढे जायचं. ढिगात काही सापडलं नाही, याला मी चांगली खूण म्हणू की वाईट, ते कळत नव्हतं. मांजरं होतीच.

मावशींची सांदवाडी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. चौथ्या दिवशी गेले. केळी चार, आणि चारही खोडांना वाळलेली पानं तशीच लोंबत होती. सभेत टाळ्या घेतलेल्या बाईच्या सांदवाडीत एकही पान कापलेलं नव्हतं. बोडीकडच्या खोडाला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एका दुमडलेल्या पानात केशरी रंग होता. तिघंही होते. मी मोजले, पुन्हा मोजले.

"पायलं का?" मागून आवाज आला. मावशी कोहळ्याच्या वेलापाशी विळा घेऊन बसल्या होत्या, देठ कापत.

"कधीपासून हायेत मावशी?"

"परवापासून. बारकं मायच्या पोटाले चिकटून रायते. मायबाई, रंग कसा हाये तो! पैठणीले लाजवल असा. तुमी तं सांगतलंच नाई."

"तुमी तं झाडूनं हाणणार होत्या."

"झाडू सापडला नाई," त्या म्हणाल्या आणि आणखी एक देठ कापला.

एवढ्यात कुंपणाशी सरपंच. त्यांच्यासोबत ग्रामपंचायतीचा शिपाई, हातात कोयता. ओळीत आता दोनच सांदवाड्या उरल्या होत्या, माझी आणि ही. मोठीमायच्या इथून सुरुवात केली म्हणजे सिस्टर आपोआप गप्प बसेल, असा हिशेब असावा. मी पानाच्या पुढे उभी राहिले, पाठ त्याच्याकडे करून.

"मोठेमाय, केळीचा पाला काढाचा हाये. परवा तपासणी हाये."

"काढीन ना बाबू. पण विळ्याले धार नाई."

सरपंचांनी मावशींच्या हातातल्या विळ्याकडे बघितलं. त्याच विळ्यानं त्या बोटाएवढे जाड देठ एका झटक्यात उडवत होत्या, आणि बोलता बोलताही थांबल्या नव्हत्या.

"हा आणलाय ना कोयता," ते म्हणाले.

"माह्या केळीले दुसऱ्याचा कोयता नाई चालत."

"काहून नाई चालत?"

"माही केळी हाये, म्हणून. तुह्या बापानंबी माह्या सांदवाडीत मले विचारल्याशिवाय हात घातला नाई."

शिपाई जमिनीकडे बघून हसत होता. सरपंच माझ्याकडे वळले. "हे तुमीच शिकवलं."

"मी नाई," मी म्हटलं. "मी तं सभेत शिकवत होती, तेव्हा याईनं टाळ्या घेतल्या."

त्यांनी शिपायाला परत फिरायची खूण केली. मग मला म्हणाले की पाटी नाही मिळाली तर लोक तुम्हाला विचारतील. मावशी म्हणाल्या, "विचारू दे. घर इथंच हाये."

पाटी मिळाली नाही. लोकांनी मला विचारलं, अजूनही विचारतात, लग्नात, तेरवीत, बाजारात. मी प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगते, अळी आणि टॉर्चसकट, रंग सोडून. मावशी मात्र त्यांच्या सांदवाडीची गोष्ट कुणालाही सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, म्हातारपणी हात पुरत नाही. त्यांच्या कुंपणावरून यंदाही चार खोडांची वाळलेली पानं दिसतात, आणि ओळीत आता पाच घरांनी कापणं थांबवलं आहे. चार घरं अजून कापतात. त्यांच्याकडे मी या आठवड्यात जाणार आहे.